स्टॅम्पपेपरवरची फारकत, कोर्टातली जुनी केस आणि दुसरं लग्न: नागपुरातून काय करता येईल

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात मांडते. २००९ मध्ये बालाघाटला लग्न, मग गोंदियात संसार, आणि २०१४ पासून मुलीला घेऊन तुम्ही नागपुरात माहेरी. २०१५ मध्ये दोन्हीकडची मंडळी बसली, पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली गेली, दोघांच्या सह्या, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. पुढे नातेवाइकांकडून कानावर आलं की नवऱ्याने कोर्टातही केस टाकली होती आणि ती ‘झाली’. तुमच्या हातात मात्र कोर्टाचा एकही कागद नाही. आता दुसरं लग्न ठरतं आहे, नोंदणीची चौकशी करायला गेलात तर महापालिकेच्या झोन ऑफिसात घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाची डिक्री, मागितला. तो कुठे मिळेल, आणि नसेलच तर नागपुरात नव्याने अर्ज करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात बरीच वर्षं कौटुंबिक प्रकरणं चालवते आहे, आणि अशी अर्धवट सुटलेली लग्नं विदर्भात फार आहेत. वरवर पाहता तुमचे प्रश्न दोन आहेत, पण खरा प्रश्न एकच आहे: आज कायद्याने तुम्ही विवाहित आहात की घटस्फोटित? हे कळेपर्यंत लग्नाची तारीख काढू नका, हॉलला आगाऊ रक्कम देऊ नका. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुळातच रद्दबातल असतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली (पूर्वीचं भादंवि ४९४) तो सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. नवरा आज गप्प असेल. पण उद्या मालमत्तेवरून, पेन्शनवरून किंवा मुलीवरून वाद निघाला की हाच मुद्दा पहिल्यांदा उकरला जातो, आणि त्याची झळ तुमच्याबरोबर नव्या घरालाही बसते.

तुम्ही धर्म लिहिलेला नाही, त्यामुळे हिंदू विवाह कायदा लागू आहे असं धरून लिहिते; पुढे नुसतं ‘कलम’ लिहिलंय ते याच कायद्याचं. हा १९५५ चा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. बौद्ध पद्धतीने लग्न झालं म्हणून आपल्याला हा कायदा नाही, असं समजणारे लोक मला आजही भेटतात. ते खरं नाही. अनुसूचित जमातींचं मात्र वेगळं आहे. कलम २(२) प्रमाणे केंद्र सरकारने खास अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा त्यांना लागू होत नाही. गोंड किंवा हलबा समाजातल्या कुणी हे वाचत असेल तर तुमच्याकडे जमातीची रूढी आधी पाहावी लागते. मुस्लिम आणि ख्रिस्ती विवाहांचे कायदे वेगळे, आणि रजिस्टर्ड लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर घटस्फोटही त्याच कायद्याखाली होतो.

आता त्या फारकतीच्या कागदाबद्दल. स्पष्ट सांगते, त्या कागदाने तुमचं लग्न मोडलेलं नाही. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, नोटरी असो, समाजाच्या अध्यक्षाची सही असो, त्याने काही फरक पडत नाही. लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतं. केंद्राच्या विधी खात्याने २०२४ मध्ये नोटरींना लेखी बजावलं आहे की विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार त्यांना नाही. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये किंवा तंटामुक्ती समितीपुढे लिहून दिलेला समझोताही घटस्फोट नव्हे. लोकअदालतीत पोटगीचा वाद मिटतो, मुलांच्या भेटीचा मिटतो, पण घटस्फोट तिथे मिळत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो अर्धवट सांगितला जातो म्हणून लिहिते. कलम २९(२) ने रूढीने चालत आलेला घटस्फोट शाबूत ठेवला आहे. म्हणजे एखाद्या समाजात पंचांपुढे फारकत देण्याची जुनी, सलग, सर्वमान्य प्रथा असेल तर ती फारकत वैध ठरू शकते. पण ‘आमच्यात असंच करतात’ एवढं म्हणून ती प्रथा सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे की अशी रूढी नेमकी मांडावी लागते आणि पुराव्याने सिद्ध करावी लागते. तुमच्या समाजात ती खरंच असेल तर कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक दर्जा जाहीर करून मागण्याचा दावा करता येतो. माझा अनुभव असा की दोघंही राजी असतील तर त्या वाटेपेक्षा परस्पर संमतीचा घटस्फोट लवकर आणि निर्धोक मिळतो. रूढी सिद्ध करायला म्हातारे साक्षीदार लागतात, त्यांची उलटतपासणी होते, आणि इतकं करून निकाल आपल्या बाजूने लागेल याचा भरवसा नसतो.

तो कागद फाडू मात्र नका. तुम्ही कधीपासून वेगळे राहता, याचा तो पुरावा आहे.

आता शोधाकडे वळू. आपल्याकडे घटस्फोटांची नोंद ठेवणारं एखादं सरकारी कार्यालय नाही. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद महापालिकेत होते, घटस्फोटाची होत नाही. घटस्फोटाचं रेकॉर्ड ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टात असतं. म्हणून प्रश्न असा होतो की तुमच्या नवऱ्याने केस टाकलीच असेल तर ती कोणत्या कोर्टात टाकता आली असती? त्याचं उत्तर कलम १९ मध्ये आहे. लग्न जिथे लागलं ते ठिकाण, अर्ज करताना समोरची व्यक्ती जिथे राहते ते ठिकाण, आणि नवरा-बायको शेवटचे एकत्र जिथे राहिले ते ठिकाण. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते त्या ठिकाणीही चालतं, पण ही सवलत नवऱ्याला नाही. तुमच्या बाबतीत ही ठिकाणं म्हणजे बालाघाट, नागपूर आणि गोंदिया. तो आज पुण्यात नोकरीला असला तरी, तुम्ही भारतात राहता आणि तुमचा ठावठिकाणा त्याला माहीत आहे तोवर, केवळ स्वतः तिथे राहतो म्हणून त्याला पुण्यात केस टाकता आली नसती. म्हणजे सगळा देश शोधायचा नाही, तीन ठिकाणं शोधायची आहेत. माझ्याकडे कुणी असा प्रश्न घेऊन आलं की मी आधी कागदावर ही तीन गावं लिहून घेते.

शोधाची सुरुवात घरून करता येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. वर्ष द्यावं लागतं, म्हणून २०१४ पासून एकेक वर्ष घेत पुढे या. प्रलंबित आणि निकाली अशी दोन्ही प्रकरणं पाहा. जिल्हा न्यायालय आणि कौटुंबिक न्यायालय वेगवेगळी शोधावी लागतात. बहुतेक लोक एकातच पाहतात आणि ‘काही नाही’ असं सांगत परत येतात. नावाच्या स्पेलिंगने सर्वांत जास्त घोळ होतो. आडनाव वानखडे आहे की वानखेडे, हा फरक आपल्या कानाला किरकोळ वाटतो, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं असतात. आडनाव आधी लिहिलंय की नाव, नवऱ्याचं नाव मध्ये आहे की वडिलांचं, हे सगळे प्रकार करून पाहा. पूर्ण नाव देण्यापेक्षा नावाची पहिली काही अक्षरंच द्या, म्हणजे जाळं मोठं पडतं. स्वतःच्या नावानेही शोधा, आणि त्यात सासरचं आणि माहेरचं अशी दोन्ही आडनावं घ्या.

नोंद सापडली तर तिचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, लगेच लिहून ठेवा. आपल्या राज्यातल्या कौटुंबिक न्यायालयांत प्रकरणाच्या क्रमांकाआधी एक अक्षर असतं, त्यावरूनही बरंच कळतं. ‘ए’ याचिका म्हणजे साधारणपणे एका बाजूने केलेली घटस्फोटाची किंवा तशा स्वरूपाची, ‘एफ’ म्हणजे परस्पर संमतीची, ‘डी’ मुलांच्या ताब्याची आणि ‘ई’ खावटीची. तालुका किंवा जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात या अक्षरांच्या जागी हिंदू विवाह याचिका, म्हणजे एच.एम.पी. क्रमांक दिसतो. मध्य प्रदेशात प्रकरणांची संक्षिप्त नावं वेगळी आहेत.

इथे जरा थांबून वाचा, कारण पुढची चूक फार महागात पडते. संगणकावर प्रकरण ‘निकाली’ दिसलं म्हणजे घटस्फोट झाला असं नाही. निकाली निघण्याचे प्रकार अनेक. अर्ज मंजूर झाला, नामंजूर झाला, मागे घेतला, अर्जदार पेशीला आलाच नाही म्हणून खारीज झाला, दुसऱ्या कोर्टात वर्ग झाला. या सगळ्यांपुढे ‘निकाली’च लिहिलेलं असतं. निकालाचं स्वरूप अशी वेगळी ओळ असते, ती वाचा. नातेवाइकांनी सांगितलेलं ‘केस झाली’ हे वाक्य तर मी कधीच जसंच्या तसं धरत नाही. अनेकदा झालेली केस खावटीची असते, कौटुंबिक हिंसाचाराची असते, किंवा कलम ९ खाली नांदायला येण्याची असते. कधी कलम १० खाली न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा असतो आणि घरचे त्यालाच घटस्फोट समजून चालतात. त्यात वेगळं राहायची मोकळीक मिळते, पण लग्न कायम असतं. मात्र अशा हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नसतील तर त्याच आधारावर कलम १३(१अ) खाली घटस्फोट मागता येतो. म्हणून असा कागद सापडला तर तो वाया गेला असं मानू नका.

ऑनलाइन काही सापडलं नाही म्हणजे केस नव्हती, असंही नाही. जुनी प्रकरणं संगणकावर चढवताना नावं चुकलेली असतात, आणि वैवाहिक प्रकरणांची माहिती सगळ्यांना दिसावी अशी अपेक्षाही नाही. कलम २२ प्रमाणे ही सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा तपशील छापता येत नाही. अशा वेळी त्या कोर्टात प्रत्यक्ष जाऊन, दोघांची नावं, लग्नाची तारीख आणि अंदाजे वर्षं देऊन नोंदवहीतून शोध घ्यावा लागतो. बालाघाट आणि गोंदियासाठी तिथल्याच एखाद्या वकिलाला हे काम द्या. त्यांना कोणती नोंदवही कुठे आहे ते माहीत असतं, आणि तुमची प्रवासाची दगदग वाचते.

प्रकरण सापडलं की नक्कल काढायची. नक्कल विभागात अर्ज द्यायचा. त्यात प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि कोणता कागद हवा ते लिहायचं. मी नेहमी निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींची प्रमाणित प्रत मागायला सांगते, कारण झोन ऑफिस, बँक आणि परदेशी दूतावास यांतला कोण काय मागेल याचा नेम नसतो. एकाऐवजी दोन संच काढा. साध्या झेरॉक्सवर कुठेच काम होत नाही. तुम्ही स्वतः त्या प्रकरणात पक्षकार असल्यामुळे नक्कल मिळणं हा तुमचा हक्क आहे. किंबहुना कलम २३(४) असं सांगतं की घटस्फोट दिला की न्यायालयाने हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची. गैरहजर राहिलेल्या बाजूपर्यंत ती अनेकदा पोचत नाही, पण अर्ज करताना या कलमाचा उल्लेख जरूर करा.

काही वाचकांना दुसऱ्याचा हुकूमनामा हवा असतो. उदाहरणार्थ, ठरलेल्या स्थळाचा आधीचा घटस्फोट खरा आहे का ते पाहायचं असतं. तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण देऊन, शपथपत्र जोडून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकारात ती मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे की नकला न्यायालयाच्या नियमांनीच मागायच्या. माझं म्हणणं असं की त्या भानगडीत पडूच नका. समोरच्याला सरळ सांगा, तुमच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि सीएनआर क्रमांक दाखवा. ज्याचा घटस्फोट खरा आहे त्याला हे दाखवायला अडचण नसते. आणि ‘पंधरा दिवसांत डिक्री आणून देतो’ असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्या हातात पैसे देऊ नका. बनावट शिक्क्यांचे कागद मी पाहिले आहेत. ते घेऊन दुसरं लग्न केलेल्या बाईची पुढे जी अवस्था होते ती पाहवत नाही.

समजा बालाघाटला किंवा गोंदियाला एकतर्फी हुकूमनामा सापडला. समन्स चुकीच्या पत्त्यावर गेलं, तुम्हाला कळलंच नाही आणि तुमच्या मागे निकाल झाला, असं होऊ शकतं. अशा वेळी राग येणं साहजिक आहे. तो निकाल रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर तुम्हाला निकाल कळल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. पण तुम्हाला स्वतःला घटस्फोट हवाच असेल तर तो रद्द करून काय साधणार, याचा शांतपणे विचार करा. हुकूमनामा कायम ठेवूनही कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, कारण ती हुकूमनाम्याच्या वेळी किंवा ‘त्यानंतर केव्हाही’ मागण्याची सोय आहे. मात्र तुम्ही पुन्हा लग्न केलंत की नवऱ्याच्या अर्जावरून स्वतःसाठीची पोटगी बंद होऊ शकते. त्यामुळे ती मागायची की नाही आणि कधी, हे लग्नाआधी ठरवा. मध्य प्रदेशातला हुकूमनामा नागपुरात तसाच चालतो, त्याची इथे वेगळी नोंद करावी लागत नाही.

आधी शोध घ्या असं मी इतक्या आग्रहाने म्हणते त्यामागे आणखी एक कारण आहे. नवऱ्याची केस कुठे तरी अजून चालू असेल आणि तुम्ही नागपुरात दुसरी टाकली, तर कलम २१अ प्रमाणे नंतरची केस आधीच्या कोर्टाकडे वर्ग होऊ शकते. मग बालाघाटच्या पेशा सुरू होतात. चालू केस सापडलीच तर आधी ती नागपूरला आणण्याचा अर्ज करायचा. गोंदियाहून नागपूरला वर्ग करायचं काम आपल्या उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ करतं. बालाघाट दुसऱ्या राज्यात येतं, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. नागपूरच्या आसपास बालाघाट, छिंदवाडा आणि शिवनीशी सोयरिकी फार, म्हणून हा प्रश्न इथे वारंवार येतो.

आता, कुठेच काही सापडलं नाही असं धरू. मग तुम्ही आजही विवाहित आहात, आणि नागपुरात अर्ज करता येतो. पत्नी राहते तिथे अर्ज करण्याची सोय २००३ च्या दुरुस्तीने आली आहे. तुम्ही महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर कौटुंबिक न्यायालय. हिंगणा, उमरेड, काटोल अशा भागात राहत असाल तर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचं कोर्ट. राहण्याचा पुरावा नागपूरचाच हवा. आधार कार्डावर अजून गोंदियाचा पत्ता असेल तर तो बदलून घ्या, किंवा भाडेकरार, मुलीच्या शाळेचा दाखला असं काही जोडा. लग्नाचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र उत्तम, ते नसेल तर पत्रिका आणि लग्नातले फोटो चालतात.

अर्ज कोणता करायचा हे नवऱ्याच्या भूमिकेवर अवलंबून आहे. तो राजी असेल तर कलम १३ब, म्हणजे परस्पर संमती. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमचं कितीतरी जास्त झालं आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं की योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते. वेगळं राहण्याचा काळ पुरेसा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा प्रश्न मिटलेला असावा, आणि आणखी थांबण्याने फक्त त्रास वाढणार असावा. तुमच्या प्रकरणात या गोष्टी बसू शकतात. माफी द्यायची की नाही हे शेवटी न्यायाधीश ठरवतात. एक लक्षात असू द्या, हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून मी देण्याघेण्याची बोलणी अर्जाआधी पूर्ण करायला लावते आणि सगळं अर्जातच लिहिते.

तो राजी नसेल तर तुमच्या एकटीच्या मागणीचा अर्ज. इथे तुमच्या फारकतीच्या कागदाची दुसरी बाजू समोर येते. बहुतेकांना वाटतं की दहा वर्षं वेगळे आहोत म्हणजे ‘टाकून दिलं’ हे कारण सरळ मिळेल. कायद्यात टाकून देणं म्हणजे दोन वर्षं सलग, योग्य कारणाशिवाय आणि दुसऱ्याच्या संमतीविना सोडणं. तुम्ही दोघांनी राजीखुशीने वेगळे होतो असं २०१५ मध्ये लिहून दिलं असेल, तर समोरचा वकील तोच कागद दाखवून म्हणेल की इथे संमती होती. म्हणून अशा प्रकरणात मी नुसत्या परित्यागावर विसंबत नाही. २०१४ मध्ये घर का सोडावं लागलं, त्या आधी काय घडलं, दवाखान्याचे कागद, पोलीस तक्रार, घरच्यांना पाठवलेले मेसेज हे सगळं पाहून क्रूरतेचं कारणही मांडते. फारकतीचा कागद कुठल्या दबावाखाली झाला असेल तर तेही अर्जात आलं पाहिजे. मनाने काही जोडू नका. उलटतपासणीत एक खोटी गोष्ट उघडी पडली की दहा खऱ्या गोष्टी संशयात येतात.

नवऱ्याचा पत्ताच नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने वर्तमानपत्रात समन्स छापता येतं. आणि ज्यांना त्याची खबर असायला हवी अशा कुणालाही सात वर्षं तो जिवंत असल्याचं कळलेलं नसेल, तर ते स्वतंत्र कारण आहे. पण तुमच्या नातेवाइकांना तो कुठे आहे हे माहीत दिसतं, तेव्हा ते इथे लागू होणार नाही.

अर्ज दाखल झाला की आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. घाबरू नका, तिथे कुणी तुम्हाला जबरदस्तीने नांदायला लावत नाही. समेटाची शक्यता तपासणं हे कौटुंबिक न्यायालयाचं कर्तव्यच आहे. तुमचं म्हणणं शांतपणे सांगा आणि मुलीबद्दलचं तेव्हाच बोलून घ्या. वकील लावण्यासाठी या न्यायालयात परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, तो सहसा मंजूर होतो. पेशीला मात्र स्वतः हजर राहण्याची तयारी ठेवा.

मुलीबद्दल दोन शब्द. फारकतीत ‘खावटीचा हक्क सोडला’ असं लिहिलेलं असतं, तुमच्यातही असेल. मुलीचा हक्क तिची आई सोडू शकत नाही. वडिलांकडून तिच्या पालनपोषणाचा खर्च आजही मागता येतो, आणि तुमच्या दुसऱ्या लग्नाने तो हक्क जात नाही. पोटगीच्या कोणत्याही मागणीबरोबर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, हे रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून सक्तीचं आहे. तुमचा पगार, बचत आणि कर्ज त्यात खरंच लिहा.

खर्चाबद्दल तुम्ही संकोचाने विचारलंय, संकोच नको. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

वेळ किती लागेल? संमतीचा अर्ज, मुदत माफ झाली आणि दोघंही पेशीला आले, तर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत होतो. लढतीचं प्रकरण वर्षांवर जातं, आणि किती वर्षं हे प्रामाणिकपणे कुणीच सांगू शकत नाही. होणाऱ्या नवऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना हे आत्ताच सांगा. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे प्रमाणित प्रत हातात आली की नोंदणीला जाता येतं. लढून मिळालेल्या किंवा एकतर्फी हुकूमनाम्यानंतर मात्र कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. ही मुदत तीस दिवस की नव्वद, यावर बराच वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती नव्वद दिवस धरली आहे, तेव्हा नव्वदच मोजा. ती संपली की समोरच्याने अपील केलेलं नाही ना, हे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने तपासा, आणि मगच लग्नाची तारीख काढा.